घरातला जामदारखाना

ज्या जिल्ह्याच्या सीमेत अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी आहेत आणि ज्याच्या मुख्य शहरात बीबी का मकबऱ्यासमोर वर्षाचे बारा महिने कोणी ना कोणी डोळ्याला कॅमेरा लावून उभा असतो, त्या छत्रपती संभाजीनगरात छायाचित्रणाचा छंद घरोघरी पोहोचावा, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबात कातडी म्यानातला एखादा आग्फा क्लिक थ्री खुंटीला टांगलेला असे आणि तेवढ्यावर त्या घराचा छायाचित्रणाचा संसार संपत असे. आज त्याच कुटुंबातील नातवाकडे दोन बॉडी, तीन-चार लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, चार्जर, मेमरी कार्डे आणि हार्ड डिस्क असा सरंजाम जमलेला असतो, त्यावर एखाद्या नव्या मोटारसायकलीइतका किंवा त्याहूनही अधिक पैसा खर्ची पडलेला असतो, आणि तरीही त्याची घरातील जागा आजोबांच्या क्लिक थ्रीपेक्षा फारशी सुधारलेली नसते. पलंगाखालची पेटी, गोदरेजच्या कपाटाच्या माथ्यावर ठेवलेली बॅग, पैठणीच्या घडीशेजारचा अंधारा कप्पा, नाहीतर थेट माळा, ही आपल्या घरांतील कॅमेऱ्याची नेहमीची वसतिस्थाने होत. कॅमेरा हातातून पडला म्हणजे जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु माझे मत असे की, या शहरात जितके कॅमेरे पडून निकामी होतात त्याहून अधिक घरात जपून, बंद करून ठेवल्यामुळे निकामी होतात.

वस्तू कोठे ठेवली यावर तिचे आयुष्य किती अवलंबून असते, हे या जिल्ह्याच्या इतिहासाने फार कठोरपणे दाखवून दिले आहे. मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी नेमणूक केली, आणि त्यानंतरचे जवळजवळ सारे आयुष्य त्याने याच परिसरात वेचले. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन या स्थापत्य-इतिहासकाराच्या विवेचनासह १८६४ मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या आणि त्या काळी सर्वत्र रूढ झालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, लेप ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि तो सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत ते धुऊन काढायचे, असा क्रम असे. म्हणजे वाघूर नदीच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात काचा, रसायने, पाणी आणि अंधार या चारही गोष्टी ज्याच्या हाताशी नेमक्या जागी नसतील, त्याला एकही चित्र मिळणे शक्य नव्हते. उपकरणांची व्यवस्था हा तेव्हा कलेचाच भाग होता.

परंतु गिलच्या रंगीत प्रतिकृतींचे पुढे काय झाले, हे अधिक विचार करण्याजोगे आहे. त्या सुरक्षित राहाव्यात व लोकांना पाहता याव्यात म्हणून लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवण्यात आल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. ही हानी भरून काढण्यासाठी मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा अजिंठ्यात काम आरंभिले. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या प्रतिकृतीही विलायतेला गेल्या, आणि त्यांतील अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. डोंगराच्या पोटात पंधराशे वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या चित्रांच्या नकला जगातील सर्वांत संपन्न राजधानीत पाव शतकही टिकू नयेत, यात दैवाचा भाग असेलच. पण जागेची निवड हाही त्याचा भाग होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडेही २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मराठी बोलपटांच्या आरंभकाळातील अमोल ठेवा गेला, ही जखम तर अजून ताजी आहे.

आपल्या घरातील कॅमेऱ्याला आगीचे भय त्या मानाने थोडे. त्याचा खरा शत्रू बुरशी हा आहे, आणि इथल्या माणसाला त्याची कल्पना नसते, याचे कारण आपल्या हवामानात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसलेल्या आणि वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळणाऱ्या या शहराला कोकणातला माणूस कोरडे ठणठणीत म्हणेल, आणि एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हवेतील आर्द्रता जेव्हा २० टक्क्यांच्या आसपास उतरते तेव्हा त्याचे म्हणणे खरेही असते. रत्नागिरीचा किंवा मुंबईचा छायाचित्रकार म्हणूनच पहिल्या दिवसापासून सावध असतो, आणि आपण गाफील राहतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात झड लागली की सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि कपाटातल्या न हलणाऱ्या हवेत ती दिवसच्या दिवस उतरत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात; लेन्सच्या आतही ते असतातच. त्यांना रुजायला चार गोष्टी पोषक ठरतात: ७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता काही दिवस सलग, अंधार, साचलेली हवा आणि थोडेसे खाद्य. खाद्य म्हणून बोटांचा तेलकट ठसा, कापडाचा तंतू, धुळीचा कण किंवा लेन्सच्या यंत्रणेतील वंगण एवढे पुरते. मग भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, शाखा फुटलेले तंतू पसरतात. हे तंतू पुसले गेले म्हणजे संकट टळले असे नव्हे. वाढताना ते जी आम्ले स्रवतात, त्यांनी भिंगावरचा अतिसूक्ष्म लेप आणि कालांतराने खुद्द काचही कुरतडली जाते, आणि तो व्रण कोणत्याही कारागिराला भरून काढता येत नाही. म्हणूनच अंधारात टॉर्च तिरपी धरून महिन्यातून एकदा प्रत्येक लेन्स आरपार पाहावी. बुरशी आरंभीच दिसली तर जाणता दुरुस्तीकार लेन्स उघडून ती साफ करू शकतो. स्वतः स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याचा मोह मात्र टाळावा. भिंगांची मांडणी केसभर ढळली तरी लेन्सची धार कायमची जाते.

या चार अटींपैकी एक जरी मोडली तरी बुरशीला वाढणे अवघड जाते, आणि सर्वांत सहज मोडता येणारी अट म्हणजे साचलेली हवा. ज्या लेन्सने आठवड्यातून एकदा तरी उजेड पाहिला, जी हाताळली गेली, पुसली गेली, तिला सहसा काही होत नाही. जी लग्नसराईनंतर बॅगेत गेली ती थेट तुळशीच्या लग्नानंतर बाहेर आली, तीच बुरशीला बळी पडते. बॅगेचे अस्तर आणि स्पंज ओल शोषून घेतात. जुन्या कॅमेऱ्यांची कातडी म्याने तर बुरशीचे माहेरघरच. प्रवासासाठी बॅग आणि घरात राहण्यासाठी वेगळी जागा, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. जुन्या पेट्यांतील फोम काही वर्षांनी चिकट होऊन उपकरणांना चिकटतो, हेही ध्यानात असावे.

ती जागा कोणती, याचा विचार आपल्या घरांच्या बांधणीवरून करावा लागतो. जुन्या शहरातील दगडी, चुन्याच्या जाड भिंतींच्या घरांत उन्हाळा सुसह्य असतो. परंतु त्याच भिंती पावसाळ्यात ओल धरतात, आणि कॅमेऱ्यासाठी सोयीचा वाटणारा कोनाडा हा त्या भिंतीचाच पोकळ भाग असतो. सिडकोच्या किंवा गारखेड्याच्या इमारतींत वरच्या मजल्याचा स्लॅब वैशाखात रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. तेथील माळ्यावर ठेवलेल्या उपकरणातील वंगण पातळ होऊन डायफ्रामच्या पात्यांवर उतरते आणि लिथियमच्या बॅटऱ्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. तेव्हा माळा नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, स्वयंपाकघराची वाफ पोहोचेल अशी खोली नको, आणि कपाट पश्चिमेच्या बाहेरील भिंतीला टेकवून ठेवणे नको. आतल्या खोलीत, कंबरेच्या उंचीवर, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून ठेवलेले कपाट सर्वांत चांगले.

येथे एका खास आपल्या संकटाचा उल्लेख केला पाहिजे, कारण परप्रांतातील कोणतेही पुस्तक ते सांगणार नाही. मराठवाड्यातील घरोघरी उन्हाळ्यात कूलर चालतो. ओल्या गवताच्या किंवा वाळ्याच्या पडद्यातून खेचलेली हवा खोलीत येते आणि थंडाव्याबरोबर पाण्याची वाफही आणते. अंगणात आर्द्रता २० टक्के असताना बंद दाराच्या कूलरच्या खोलीत ती कितीतरी वर चढलेली असते. ज्याने जूनपर्यंत निर्धास्त राहावे अशा समजुतीने कॅमेऱ्याची बॅग कूलरसमोरच्या टेबलावर ठेवली, त्याने पावसाळा दोन महिने आधीच घरात आणला. कूलरच्या खोलीत उपकरणे ठेवू नयेत, आणि ठेवलीच तर हवाबंद डब्यात ठेवावीत.

हवाबंद डबा हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर स्थिर राहते आणि पुढे वारंवार काही करावे लागत नाही. ज्यांचा संग्रह लहान आहे त्यांना रबरी कडा असलेल्या, चारी बाजूंनी कुलपे लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात तेच फळ अल्प खर्चात मिळते. डब्यात सिलिका जेल आणि काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक ठेवावा. मापकाशिवाय जेल ठेवणे म्हणजे ज्वरमापकाशिवाय ताप उतरल्याचे जाहीर करणे होय. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतके पाणी शोषते आणि तृप्त झाले की थांबते. त्यानंतर ते डब्यात असणे आणि नसणे सारखेच. रंगीत जेलचे निळे दाणे गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवट होतात, ही ती थांबल्याची खूण. मग ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोनेक तास तापवून, गार करून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो आणि तो प्रकृतीला अपायकारक आहे, म्हणून नारिंगी जात घेणे बरे. कोणतीही असो, ती तापवण्याचे भांडे स्वयंपाकात पुन्हा वापरू नये आणि दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

शोषणाचाही अतिरेक होऊ देऊ नये. आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिली तर वंगण सुकते, जुन्या कॅमेऱ्यांचे कातडे व भाते चिरतात आणि लाकूड तडकते. म्हणून फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, कूलर नसलेल्या खोलीत, डब्यातले जेल काढून ठेवले तरी चालते. या काळात डब्याचे काम केवळ धूळ थोपवण्याचे. तांदळाच्या डब्यात लेन्स खुपसण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो सर्वथा टाकाऊ होय: तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पिठी मात्र रिंगांत शिरते. त्याहून घातक म्हणजे कपड्यांच्या कपाटातील डांबराच्या गोळ्या आणि कापूर. हे पदार्थ हवेत उडून जातात आणि भिंगावर थर धरून बसतात. पैठणी आणि कॅमेरा या दोन्ही मौल्यवान वस्तू आहेत, पण त्यांना एका कप्प्यात ठेवू नये.

बॅटऱ्यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, नेहमीचे पेन्सिल सेल फ्लॅशमध्ये ठेवून विसरू नयेत. त्यांतून झिरपणारा क्षार तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. लिथियमच्या बॅटऱ्या दीर्घकाळ ठेवायच्या झाल्यास पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या न ठेवता अर्ध्या भरून, कॅमेऱ्याबाहेर, धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवाव्यात. फ्लॅश दोन-तीन महिन्यांतून एकदा चालू करून काही वेळा उडवावा, म्हणजे त्यातील कपॅसिटर निकामी होत नाही. श्रावणात वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर पडताना बॅग मिटलेलीच ठेवून आतील उपकरणे बाहेरच्या हवेइतकी उबदार होऊ द्यावीत. नाहीतर भिंगावर आणि आत दव धरते. जायकवाडीच्या काठावर पक्षी टिपून किंवा गौताळ्याच्या रानातून परतल्यावर ब्लोअरने धूळ उडवल्यावाचून कपडा लावू नये. धुळीचा कण कापडाखाली फिरला की भिंगावर ओरखडा उमटतो.

आता व्यवस्थेच्या त्या भागाकडे येतो, ज्याकडे आपण सर्वाधिक दुर्लक्ष करतो. मराठेशाहीच्या राज्यकारभारात अठरा कारखाने असत. त्यांत शिलेखाना शस्त्रांचा, फरासखाना तंबू-बिछायतींचा आणि जामदारखाना किमती वस्त्रांचा व ऐवजाचा. या खात्यांचे सामर्थ्य भक्कम दारांत जितके होते तितकेच वस्तूंच्या जाबत्यात होते. आत काय आहे, केव्हा आले, कोणाच्या हाती गेले आणि कोणत्या अवस्थेत परत आले, याची नोंद असल्यावाचून दार कितीही मजबूत असले तरी काय उपयोग! प्रत्येक घरच्या कॅमेऱ्याचा असा एक जाबता असावा. एका वहीत प्रत्येक उपकरणाचे नाव, त्याच्यावर कोरलेला अनुक्रमांक, खरेदीची तारीख व पावतीची प्रत, दुरुस्तीची तारीख आणि मित्राला उसने दिले असल्यास त्याचे नाव, एवढा तपशील पुरेसा आहे. चोरी झाल्यास पोलिसांत फिर्याद देताना आणि विम्याचा दावा करताना हाच अनुक्रमांक मागितला जातो, आणि तो ज्या पेटीवर छापलेला असतो ती पेटी बहुधा रद्दीत गेलेली असते.

वस्तू लावताना त्या जातीने लावू नयेत, कामाने लावाव्यात असे मी सुचवीन. सर्व चार्जर एका खणात आणि सर्व लेन्स दुसऱ्या खणात, ही रचना दिसायला नेटकी असते, पण लग्नाच्या पहाटे निघताना माणूस सहा खण उपसतो. त्यापेक्षा ज्या बॉडीची जी बॅटरी, जो चार्जर, जी केबल, ती तिच्याच डब्यात असावी. भरलेली आणि रिकामी मेमरी कार्डे दोन निराळ्या रंगांच्या डब्यांत असावीत. आणि हार्ड डिस्कची दुसरी प्रत त्याच कपाटात न ठेवता दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींची गत आठवली म्हणजे या शेवटच्या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

ही व्यवस्था घरातील एकाच माणसाच्या डोक्यात असून भागत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला तेव्हा दादरचे त्यांचे राहते घर हीच त्यांची प्रयोगशाळा झाली; कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावर घेतले, घरच्या आणि कामाच्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून घेतले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला त्यामागे ही एक गृहिणी होती, जिला कोणते यंत्र कोठे आहे आणि ते अंधारातही कसे हाताळावे हे ठाऊक होते. आपल्याकडे मात्र कॅमेऱ्याचे कपाट हे घरातील एकाच पुरुषाचे संस्थान होऊन बसते, आणि तो गावाला गेला की इतरांना त्यातली एक बॅटरीही सापडत नाही. वही घरातल्या सर्वांना माहीत असावी, आणि डब्यांवर स्वच्छ मराठीत नावे लिहिलेली असावीत.

आपल्या पंचांगाने या कामासाठी दोन वेळा जणू नेमूनच दिल्या आहेत. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच्या आठवड्यात जेल तापवून डबे बंद करावेत, आणि पाऊस ओसरल्यावर खंडेनवमीला, हत्यारे-अवजारे पूजेला मांडली जातात त्या दिवशी, सारा सरंजाम बाहेर काढून तपासावा, पुसावा आणि वहीत नोंद करावी. हळद-कुंकू बॅगेला वाहावे, लेन्सला नको. त्याची पूड रिंगांत जाते.

राहिला प्रश्न जुन्या निगेटिव्ह्जचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, म्हणून हैदराबाद संस्थानाचा तो काळ आपण डोळ्यांनी पाहू शकतो. आपल्या शहरातील बंद पडलेल्या स्टुडिओंच्या मागच्या खोल्यांत आणि घराघरांच्या ट्रंकांत अशाच काचपट्ट्या व फिल्म्स असतील; त्यांत मराठवाडा मुक्तिसंग्रामानंतरची वर्षे असतील, जुन्या बाजारपेठा असतील, आज पडून गेलेले वाडे आणि त्यांत राहिलेली माणसे असतील. काचपट्ट्या आडव्या रचू नयेत, प्रत्येक पट्टी निराळ्या कागदी पाकिटात घालून उभी ठेवावी. फिल्म पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालावी. जिला शिरक्याचा वास येऊ लागला आहे तिचे विघटन सुरू झाले आहे, ती इतरांपासून वेगळी करून तिची प्रत विनाविलंब काढून घ्यावी. चांदी काढण्यासाठी जुन्या निगेटिव्ह्ज किलोच्या भावाने विकत घेणारे लोक असतात. ज्यांच्या घरी असा साठा आहे त्यांनी तो त्यांना देऊ नये. निदान प्रत्येक पाकिटावर वर्ष, गाव आणि चित्रातील माणसांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत, आणि ज्या वडीलधाऱ्यांना ती नावे ठाऊक आहेत त्यांना या पावसाळ्यातच विचारून घ्यावीत.